रबरावरचं कुंकू

फरशी पडली, असं लोक अजून म्हणतात. कारखान्यातले जुने सोबती कधी चंद्रपूरच्या बाजारात भेटतात, चहाच्या टपरीवर जुन्या गोष्टी निघतात आणि कुणीतरी म्हणतंच, "ते भाऊच्या पायावर फरशी पडली होती ना, तवाची गोष्ट." माझं डोकं फिरतं. फरशी आपणहून पडत नाही. ती कुणीतरी कशाने तरी उचललेली असते. त्या दिवशी ती का सुटली हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ठाऊक असून सगळे वर्षभर गप्प बसले आणि त्याची शिक्षा मी भोगली. म्हणून ही गोष्ट मी रागानेच सांगणार आहे. ज्याला शांत आठवणी हव्या असतील त्याने दुसऱ्या कुणाला विचारावं.

ऐंशीच्या दशकात कोरपन्याच्या बाजूला कापसाच्या शेतांपलीकडे सिमेंटचे कारखाने उभे राहत होते. माझा बाप माजरीच्या खाणीत कोळसा भरता भरता खोकून खोकून गेला. मी आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झालो आणि अशाच एका कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये लागलो. सगळ्या कारखान्यात धूळ नसलेली ती एकच खोली होती. माय वस्तीत सांगत फिरायची, "माहा पोरगा थंड्या खोलीत काम करते. त्याच्या अंगाले धूळ लागत नाई." बापाच्या खोकल्यात रात्री काढलेल्या बाईला त्या थंड्या खोलीचं काय मोल होतं, ते मला कळत होतं. ती खोली हातची जाऊ द्यायची नाही, एवढंच माझं तेव्हा ठरलेलं होतं.

त्या खोलीला दोन जमिनी होत्या. खालची खरी, सिमेंटची. तिच्यावर लोखंडी पायांवर बसवलेली दुसरी, दोन-दोन फुटी चौकोनी फरश्यांची. मधल्या पोकळीतून सगळ्या केबली जायच्या. कुठली केबल बघायची असली की वरची फरशी उचलायची. या फरश्या चांगल्या जड, कडेला लोखंडी पट्टी, वरून गुळगुळीत, आणि एकमेकींना इतक्या चिकटून बसलेल्या की बोटाचं नख आत जाणार नाही. त्यासाठी एक हत्यार होतं. कागदावर त्याचं नाव सक्शन लिफ्टर. आमच्यातले बरेचजण धानाच्या बांध्यांत पाय बुडवून वाढलेले, त्यांनी त्याचं नाव जळू ठेवलं. दोन रबरी वाट्या, मधून धरायला मूठ, आणि प्रत्येक वाटीवर एक खटका. वाट्या फरशीवर टेकवून खटके दाबले की रबर आतून वर ओढलं जातं, खालची हवा कमी होते आणि वाटी फरशीला धरून बसते.

कारखान्यासोबत एकच जळू आली होती. दुसरी घ्यायला मला स्टोअरच्या माणसाबरोबर नागपूरला पाठवलं. दुकानदाराने आधी एक लाल, चकचकीत, एका वाटीची वस्तू पुढे केली. तिची मूठ प्लॅस्टिकची होती आणि रबर कागदासारखं पातळ. स्टोअरवाल्याला ती फार आवडली, कारण ती चमकत होती. मी म्हणालो, ही काच पुसणाऱ्यांच्या कामाची आहे, आमची फरशी हिच्या बापालाही उचलवणार नाही. मग दुकानदाराने मागून दोन वाट्यांची, ॲल्युमिनियमच्या अंगाची काढली. मी रबर वाकवून पाहिलं, काठाला भेगा नाहीत ना ते बघितलं. दुकानाच्या काउंटरवर लावली आणि चहा पिऊन होईपर्यंत तशीच ठेवली. सुटली नाही. मग मी दोन्ही हातांनी ओढली, तर काउंटरच हलायला लागला आणि दुकानदार म्हणाला, "घेऊन जा, पन दुकान सोडून जा." ती आम्ही घेऊन आलो.

माझ्या जोडीला भाऊ होते. माझ्यापेक्षा बरेच मोठे, राजुऱ्याकडच्या एका गावचे, घरची थोडी कापसाची शेती. शिक्षण बेताचं, पण हात सरळ. एक फरशी आम्ही दोघं मिळून उचलायचो. एकाने जळू लावून एक काठ वर घ्यायचा, दुसऱ्याने लगेच खालून हात घालायचे. कारण जळूवर भरवसा ठेवायचा तो फक्त काठ वर येईपर्यंत. पुढे फरशी माणसाच्या हातांत पाहिजे. हे सगळं बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने आम्हाला शिकवलं होतं आणि आम्ही ते पाळायचो. आधी फरशी पुसायची. मग रबर किंचित ओल्या फडक्याने पुसायचं. तेल, साबण, ग्रीस काहीही रबराच्या जवळ येऊ द्यायचं नाही. खटके दाबले की बोटभर उचलून थांबायचं आणि कान द्यायचा. हवा शिरत असली तर बारीक फुसफुस ऐकू येते, मग लगेच खाली. थंड हवेसाठी भोकं पाडलेली फरशी असते, तिला जळू लावायचीच नाही. काम झालं की खटके सोडून ती सावलीत टांगायची, नाहीतर आमच्याकडच्या उन्हाने रबराचं चामडं होतं. या दोन्ही जळवा माझ्या ताब्यात असायच्या. मी त्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून खिळ्याला टांगायचो. भाऊ मला चिडवायचे, "बाबू, लेकराले झोपवून राह्यला का?"

आता साहेबाबद्दल. साहेब बाहेरचा, हिंदी बोलणारा, कंट्रोल रूमचा मुख्य इंजिनिअर. धुळीची त्याला भयंकर धास्ती. त्याने नियम काढला होता की कंट्रोल रूममध्ये कुणीही चपला-बूट घालून यायचं नाही. कारखान्याने दिलेले, पुढे लोखंडी टोपी असलेले जाड बूट आम्ही दाराबाहेर रांगेत काढायचो आणि देवळात शिरल्यासारखे अनवाणी आत जायचो. आत जाऊन करायचं काय, तर धारदार कडांच्या जड फरश्या उचलायच्या. मी एकदा बोललो होतो, की साहेब, बुटांवर चढवायला कापडी पिशव्या शिवून घेऊ, धूळ येणार नाही आणि पायही वाचतील. तो हसला. म्हणाला, "आपके पैर में क्या हीरे लगे हैं?" सगळे हसले. भाऊसुद्धा हसले.

दसरा आला. आमच्या घरी दसऱ्याला माय दीक्षाभूमीला, नागपूरला जायची. बाप गेल्यापासून मी तिला घेऊन जायचो. नवमीच्या सकाळी मी जळवा पुसून, गुंडाळून, टांगून सुट्टीवर गेलो. त्याच दिवशी कारखान्यात खंडेनवमीची पूजा होती. नट आवळायचे पाने, पेचकस, मीटर, सगळी हत्यारं टेबलावर पांढऱ्या चादरीवर मांडायची, झेंडू वाहायचे, नारळ फोडायचा. मला त्या पूजेचं काही वाकडं वाटत नव्हतं. ज्याने पोट भरतं त्याच्यापुढे माणसाने हात जोडावेत, यात चूक काय? आमच्या वस्तीतला गवंडीही कामाला लागण्याआधी थापी कपाळाला लावतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर आलो. एसटी उशिरा आली होती. कंट्रोल रूमच्या दाराबाहेर बुटांची रांग होती आणि आतून माणसांचा गलका येत होता. आत गेलो तर भाऊ जमिनीवर बसलेले, दोघांनी त्यांना मागून धरलेलं. एक फरशी आडवी पडलेली. त्यांच्या उजव्या पायाकडे बघवत नव्हतं. एक केबल तपासायची घाई होती, साहेब घड्याळ दाखवत उभा होता, मी आलो नव्हतो, म्हणून भाऊंनी एकट्यानेच जळू लावून फरशी उचलली होती. गुडघ्यापर्यंत आली आणि सुटली. कड थेट अंगठ्यावर आली.

त्यांना जीपमध्ये घालून नेलं. जळू तिथेच उताणी पडली होती. मी ती उचलली. दोन्ही वाट्यांच्या रबरावर हळदी-कुंकवाचा जाड थर होता आणि झेंडूची एक पाकळी चिकटून बसली होती. मी बोट फिरवलं, बोट सर्रकन घसरलं. खाली खोबरेल तेल होतं. पूजेआधी पाने चमकावेत म्हणून त्यांना तेल चोळलं होतं, आणि त्याच फडक्याने रबरही चमकवलं होतं. माझं बोट लाल झालं. ते मी फोरमनला दाखवलं. त्याने माझ्या बोटाकडे पाहिलं, मग साहेबाच्या केबिनकडे पाहिलं आणि म्हणाला, "हात धून घे." दुपारी मी पुन्हा बघितलं तेव्हा कुणीतरी रबर साबणाने लख्ख धुऊन ठेवलं होतं.

संध्याकाळी साहेबाने आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. जळू कुणाच्या ताब्यात होती? माझ्या. सकाळी मी कुठे होतो? एसटीत. मी म्हणालो, "साहेब, रबरावर तेल होतं, कुंकू होतं. मी स्वतः पाहिलं. त्यानं पकड सुटली." केबिनमध्ये सगळे खाली बघायला लागले. नारळ साहेबाने स्वतःच्या हाताने फोडला होता, पूजा त्याच्यापुढे झाली होती. कुंकवाने पकड सुटली म्हटलं तर बोट वळणार होतं त्याच्याकडेच. तो शांतपणे म्हणाला, "पूजा को बीच में मत लाओ. तुम लोग तो पूजा में थे भी नहीं." आणि फोरमनने सूर लावला, "हत्याराले नमस्कार केला नाई ना यानं, मंग असंच होते."

तळपायाची आग मस्तकात गेली. ‘तुम लोग’ म्हणजे कोण, हे त्या केबिनमध्ये कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. तेल लावताना बघणारे तिथेच होते, बूट काढायला लावणारा खुर्चीत होता, घाई करणारा तोच होता. आणि दोषी कोण, तर जो पूजेच्या दिवशी नागपुरात आपल्या मायचा हात धरून गर्दीत चालत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. मला पॅकिंग प्लांटला टाकलं. तिथे पोती भरतात. डोळ्यांच्या पापण्यांवर सिमेंट बसतं आणि घामाने तिथेच घट्ट होतं. पहिल्या दिवशी मी घरी गेलो तेव्हा मायने माझ्या पापणीवरचं सिमेंट बोटाने खरवडून पाहिलं. तिने पाणी तापवलं, मी आंघोळ करत असताना ती मोरीच्या दाराशी उभी राहिली आणि मी खोकतो का ते ऐकत राहिली.

एक माणूस खरं सांगू शकत होता. सुट्टी मिळाल्याबरोबर मी केळी घेऊन चंद्रपूरच्या दवाखान्यात भाऊंना भेटायला गेलो. अंगठा आणि शेजारचं बोट काढून टाकलं होतं. भाऊंची बायको उशाशी बसली होती, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

मी विचारलं, "भाऊ, रबरले तेल-कुंकू कोनं लावलं?"

"म्या लावलो," भाऊ म्हणाले. "साहेब म्हने, इसको भी लगाओ. मंग लावलो."

"आन उचलाच्या आधी पुसलं काऊन नाई? आपन रोज पुसतो ना?"

भाऊंनी पायावरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "पूजेचं कुंकू होतं बाबू. दुसऱ्याच दिवशी कसा पुसू? घरात हे बसली हाये." त्यांनी बायकोकडे मानेने दाखवलं. तिने पदर पुढे ओढला.

मला कळलं. आमच्याकडे कुंकू पुसणं ही काय गोष्ट आहे, हे मलाही माहीत होतं. कुणाच्या कपाळावरचं पुसलं जातं आणि केव्हा पुसलं जातं, हे घराघरातल्या बायांना विचारा. तो माणूस बायकोच्या कपाळावरचं कुंकू जपायला तेलकट रबरावर विसंबला होता. माझा राग अर्धा विरघळला. म्हणून मी म्हणालो, "मंग हेच साहेबाले सांगा. मले पोत्यावर टाकलं त्यायनं."

भाऊंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "साहेब मले गेटवर बसवतो म्हनते. अशा पायानं मले कोन काम देईन? तू जवान हायेस बाबू. तुह्या हातात हुन्नर हाये."

मी उठलो. मी इतका भडकलो होतो की खाटेवर ठेवलेली केळीसुद्धा उचलून परत घेतली. एसटीत खिडकीशी बसून एकामागून एक सगळी खाल्ली आणि सालं बाहेर फेकली. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "उपास होता का बाप्पा?"

ते वर्ष मी पोत्यांत काढलं. भाऊ गेटवर बसायला लागले. डाव्या पायात बूट, उजव्यात पुढून कापलेला कॅनव्हासचा जोडा. मी सायकलवरून आत-बाहेर जायचो तेव्हा ते मान हलवायचे, मी बघायचो नाही. मला त्यांचा राग साहेबापेक्षा जास्त यायचा. साहेब परका होता, तो असंच वागणार. भाऊंनी तर माझ्या डब्यातली भाकर खाल्ली होती. हिवाळ्यात मला खोकला सुरू झाला आणि मायने काढे करायला घेतले. एकदा तिने विचारलं, "तो भाऊ म्हनत नाई का काई?" मी ताट ढकलून उठलो.

पुन्हा नवमी आली. या वेळी मायला शेजाऱ्यांबरोबर नागपूरला पाठवलं आणि मी पूजेला उभा राहिलो. कारण कुणी म्हणायला नको की हा नव्हता. कंट्रोल रूममध्ये टेबल मांडलेलं, पांढरी चादर, झेंडू, पाने तेलाने चमकत होते. त्यांच्याशेजारी दोन्ही जळवा. फोरमनच्या हातात ताट, साहेबाच्या हातात नारळ. दाराबाहेर बुटांची रांग. फोरमनची दोन बोटं कुंकवात बुडाली आणि जळूकडे निघाली, तशी दारातून काठीचा आवाज आला. गेटवरचे भाऊ आत आले होते, जोडे न काढता.

"भाऊ, जोडे," कुणीतरी म्हणालं.

भाऊ टेबलापर्यंत आले. खाली वाकून त्यांनी फक्त उजवा जोडा काढला. त्या पायाकडे बघायचं नाही असं म्हणून वर्षभर काढलेल्या सगळ्यांनी तो बघितला.

"रबरले नोका लावू," ते फोरमनला म्हणाले. "लावाचंच असन तं माह्या पायाले लावा. मागच्या साली रबरले तेल म्या लावलो, कुंकू म्या लावलो. साहेब समोर उभे होते, तेच बोलले लाव म्हनून. ह्या पोराचं काई नाई त्यात. हा राह्यला असता तं यानं मले उचलू देल्लं नसतं."

फोरमनची लाल बोटं हवेतच राहिली. मग साहेबाने नारळ फोडला. फोरमनने जळूच्या मुठीला, फक्त मुठीला, जरासं कुंकू टेकवलं. रबराला कुणी हात लावला नाही. भाऊंनी जोडा घातला आणि काठी टेकत गेटवर निघून गेले.

मला परत कंट्रोल रूममध्ये घेतलं. कुणी माफी मागितली नाही, चूक झाली असंही कुणी म्हटलं नाही, फोरमनने नुसतं सांगितलं की उद्यापासून इकडे ये. आणि दिवाळीच्या आत भाऊंना गेटवरून काढलं. म्हणे, लंगड्या माणसाने गेटवर बसणं बरं दिसत नाही. वर्षभर बरं दिसत होतं.

मी त्यांच्या गावी गेलो. बायको आणि ते कापूस वेचत होते. ते बांधावर बसून वेचत होते, हाताला येतील तेवढीच बोंडं, आणि बायको ओळीतून पुढे जात होती. मी केळी त्यांच्याजवळ ठेवली. त्यांनी केळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसले. त्यांना ती जुनी केळी आठवत होती.

मी म्हणालो, "माह्यापायी गेट गेलं भाऊ तुमचं."

"सोड ते," भाऊ म्हणाले. "आता उचलाच्या आधी पुसतेस ना तू?"

"पुसतो."

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बी?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बी पुसतो. आन बूट घालून उचलतो. साहेबानं एकदा टोकलं, मी आयकलो नाई."

"मंग झालं," ते म्हणाले आणि एक केळ सोलून त्यांनी बायकोला हाक मारली.

त्यांच्यासाठी तिथे झालं. पण माझं झालं नाही. पुढे मी त्या खोलीत किती फरश्या उचलल्या, त्याची गणती नाही. प्रत्येक वेळी रबर पुसताना मला तो पाय दिसायचा, आणि त्याच्या शेजारी उभा असलेला, घड्याळ दाखवणारा हात. मला ‘मंग झालं’ म्हणता येत नाही. अजून येत नाही.